उभ्याने गळ, बसून मासा: पॅडलबोर्डवरून मोठा मासा सुरक्षितपणे पकडण्याची पद्धत

मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या जलाशयावर पहाटे गेलो, तर एक दृश्य हमखास दिसते. थर्माकोलचे जाड तुकडे पोत्यात शिवून केलेल्या तराफ्यावर पाय सोडून बसलेले भोई बांधव, हातातल्या फळकुटांनी पाणी मागे सारत, रात्री लावलेली जाळी उचलत असतात. जाळ्यात आठ किलोचा कटला असो वा वीतभर चिलापी, तराफ्यावरचा माणूस कधी उभा राहत नाही. स्टँड-अप पॅडलबोर्ड, म्हणजे उभे राहून वल्हवायची रुंद तरंगती फळी, घेऊन मासेमारीला निघणाऱ्याने सर्वप्रथम हे बसणे पाहून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. या बोर्डावर उभे राहता येते हा त्याचा मोठा गुण आहे. उंचीवरून पाण्यातला मासा दिसतो, गळ लांब फेकता येतो आणि पाठीलाही आराम मिळतो. पण उभे राहण्याचा उपयोग मासा लागेपर्यंतच असतो. मोठा मासा लागला, की त्या क्षणापासून तो पाण्यातून निघेपर्यंतचे सगळे काम बसून करायचे असते. हा लेख मुख्यतः त्या कामाविषयी आहे.

हे मी चुकून शिकलो. पहिल्या वर्षी माजलगाव जलाशयाच्या एका खाडीत उभ्याने गळ टाकत असताना मोठा शिवडा लागला. मासा ओढत होता तोवर मी गुडघे वाकवून नीट तोल सांभाळला होता, कारण ताणलेल्या तंगुसाचा, म्हणजे गळाच्या दोऱ्याचा, एक प्रकारे आधारच मिळत होता. मग गळ माशाच्या तोंडातून निसटला आणि ज्या ताणावर मी मागे रेललो होतो, तोच नाहीसा झाला. मी पाठीवर पाण्यात पडलो, सुटलेल्या तंगुसाचे दोन वेढे घोट्याला बसले आणि बोर्ड वाऱ्याबरोबर सरकू लागला. जवळच जाळे उचलणाऱ्या एका मामांनी तराफा आणून बोर्ड धरला. ते एवढेच म्हणाले, "बस की खाली. उभं राहून कुठं मासा निघत असतो का?"

पॅडलबोर्डवरचा माणूस सहसा मासा ओढत असताना पडत नाही, मासा सुटताना पडतो. पुढच्या सगळ्या सूचना या अनुभवावर उभ्या आहेत.

परवानगी आणि जागेची निवड

बोर्ड विकत घेण्यापूर्वी जागा ठरवावी. मराठवाड्यातील सर्वांत मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेला हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून १९८६ मध्ये घोषित झालेला आहे. त्यामुळे वन विभागाची परवानगी असल्याशिवाय तेथे बोर्ड उतरवण्याचा विचारही करू नये, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा पट्टकादंब हंस आणि रोहित पक्षी उथळ पाण्यात उतरलेले असतात. माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, निम्न तेरणा अशा अन्य जलाशयांवर धरण जलसंपदा विभागाच्या ताब्यात आणि मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे, अशी व्यवस्था असते. म्हणून दोन्हीकडे विचारावे लागते. संस्थेच्या लोकांना भेटण्याचा फायदा परवानगीपुरता नाही. बुडालेल्या बाभळी कुठे आहेत, जुन्या गावाच्या भिंती आणि विहिरी कोणत्या बाजूला आहेत, जाळी कोठे लावतात आणि दुपारी वारा कुठून सुटतो, हे कोणत्याही नकाशापेक्षा त्यांना अधिक नेमके ठाऊक असते.

धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे, पाणी उपसण्याचे मनोरे आणि जलविद्युत केंद्राचे तोंड यांच्या जवळपास कधीही जाऊ नये. पैठण आणि येलदरी या दोन्ही ठिकाणी वीजनिर्मिती होते, आणि पाणी आत ओढले जात असेल तर वरून पृष्ठभाग शांत दिसतो. धरणाच्या खालच्या बाजूचे नदीपात्र तर पावसाळ्यात पूर्णपणे वर्ज्य मानावे, कारण विसर्ग सुरू होताच काही मिनिटांत पात्र बदलते. जून ते सप्टेंबर हा काळ मी मासेमारीसाठी सोडूनच देतो. पूर, गढूळ पाणी, विजा आणि कटला-रोहूचा विणीचा हंगाम अशी चार कारणे एकत्र आल्यावर त्यावर वाद घालण्यासारखे काही उरत नाही.

बोर्ड कसा असावा

मासेमारीसाठी ११ ते १२ फूट लांब आणि ३४ ते ३६ इंच रुंद बोर्ड घ्यावा. अरुंद बोर्ड वेगाने जातो, पण आपल्याला वेग नको आहे. बोर्डाची भारक्षमता स्वतःचे वजन, सामान आणि पकडलेला मासा यांच्या बेरजेपेक्षा निदान एक तृतीयांशाने अधिक असावी. हवेचा बोर्ड घरी नेणे सोपे आणि पडल्यावर कमी लागणारा म्हणून मला तो अधिक पसंत आहे, मात्र आपल्याकडे त्याचे दोन शत्रू आहेत: काटा आणि ऊन.

जलाशयाच्या काठाने वेड्या बाभळीचे रान माजलेले असते आणि तिचा वाळलेला काटा चप्पलही भेदतो. बोर्ड कधीही जमिनीवर उघडू नये. जाड सतरंजी किंवा ताडपत्री अंथरून त्यावर हवा भरावी आणि पाण्यापर्यंत उचलून न्यावा, फरफटत नेऊ नये. उन्हाचे गणित थोडे वेगळे आहे. सकाळी २२ अंश तापमानात १४ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) इतकी हवा भरलेला बोर्ड दुपारी काठावर उन्हात ठेवला आणि आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे अडीच पीएसआयने वाढतो, आणि कमाल मर्यादेच्या काठावर भरलेल्या बोर्डाचे शिवण-जोड त्याने उकलू शकतात. म्हणून बोर्ड पाण्याबाहेर काढला की सावलीत ठेवावा, सावली नसेल तर लगेच थोडी हवा सोडावी. पाण्यावर असताना ही अडचण येत नाही, कारण खालचे पाणी त्याला थंड ठेवते.

अंगावर लाइफ जॅकेट घातलेले असावे, बोर्डाला बांधलेले नव्हे. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि काठाजवळच्या पाण्यासाठी असते. ज्याला नीट पोहता येत नाही त्याने बोर्डावरून मासेमारी मुळात करू नये आणि आधी पोहणे शिकावे, हे मी आग्रहाने सांगतो. बोर्ड आणि शरीर जोडणारी दोरी, म्हणजे लीश, हीदेखील तितकीच महत्त्वाची आहे. रिकामा बोर्ड वाऱ्यावर ज्या वेगाने पळतो, त्या वेगाने जॅकेट घातलेला माणूस पोहू शकत नाही. मात्र बुडालेली झाडे आणि जाळी असलेल्या आपल्या पाण्यात घोट्याला बांधलेली लीश अडकली, तर तिथवर हात पोहोचणे कठीण होते. त्यामुळे कमरेच्या पट्ट्याला जोडलेली, एका झटक्यात सुटणारी लीश वापरावी, आणि ती डोळे मिटून, डाव्या तसेच उजव्या हाताने सोडण्याचा सराव करावा.

याशिवाय जॅकेटच्या छातीवर पोहोचेल असा बोथट टोकाचा छोटा चाकू, शिटी, जलरोधक पिशवीत मोबाइल, चष्मा, रुंद टोपी, दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटे सोबत असावीत. वल्ह्यालाही दोरी असावी, कारण मासा लागल्यावर वल्हे हातातून सोडावेच लागते.

गळ, तंगूस आणि ओढीची मर्यादा

रॉड साडेसहा ते सात फुटांचा घ्यावा. या लांबीमागे कारण आहे: बसल्या जागेवरून रॉडचे टोक बोर्डाच्या नाकापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, पोहोचले पाहिजे, नाहीतर मासा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, की तंगूस बोर्डाखाली अडकतो. चार हजार आकाराचे रीळ आणि २० पौंडांचा विणलेला दोरा कटला, रोहू, मरळ यांना पुरतो. शिवड्याचे दात बारीक पण धारदार असतात, म्हणून त्याच्यासाठी गळाजवळ एक वीत तार लावावी. तीन टोकांचा गळ बोर्डावर वापरू नये. मासा बोर्डाजवळ उसळतो तेव्हा त्याच्या तोंडातले एक टोक रोवलेले असते, उरलेली दोन आपल्या मांडीच्या किंवा बोर्डाच्या शोधात असतात. एका टोकाचा गळ लावावा आणि त्याची अढी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, पकडीने दाबून सपाट करावी.

आता ओढीची मर्यादा, ज्याला रिळाचा ड्रॅग म्हणतात. हा ड्रॅग अंदाजाने लावू नये. घरी रॉडला दोरा ओवून त्याचे टोक लटकत्या वजनकाट्याला बांधावे, काटा दुसऱ्याच्या हातात द्यावा, रॉड ४५ अंशांत धरावा आणि दुसऱ्याला हळूहळू ओढायला सांगावे. रीळ ज्या आकड्यावर दोरा सोडू लागते, तो ड्रॅग. २० पौंडांचा दोरा साधारण ९ किलोवर तुटतो. काठावरून मासेमारी करणारे त्याच्या चौथाईवर, म्हणजे सव्वादोन किलोवर ड्रॅग लावतात. बोर्डावर मी दीड ते पावणेदोन किलोच्या पुढे जात नाही. मासा हातून जाईल अशी भीती येथे बाळगण्याचे कारण नाही, कारण मासा ओढतो तेव्हा बोर्डही त्याच्यामागे सरकतो आणि तरंगता बोर्ड स्वतःच माशाला दमवतो. काठावर खिळून उभ्या असलेल्या माणसाला हा फायदा मिळत नाही.

उभे राहणे आणि बसणे यातला फरकही आकड्यांत पाहता येतो. दोन किलोची आडवी ओढ छातीच्या उंचीवर, समजा बोर्डापासून १२० सेंटिमीटरवर लागली, तर तोल घालवण्याची तिची ताकद, बसल्यावर ४० सेंटिमीटर उंचीवर लागणाऱ्या त्याच ओढीच्या तिप्पट असते. ओढ अचानक संपते तेव्हाचा धक्काही त्याच प्रमाणात मोठा असतो.

पडण्याचा आणि चढण्याचा सराव

पहिले तीन दिवस रॉड घरी ठेवावा. छातीइतक्या पाण्यात, जिथे तळ मुरमाड आहे आणि काळा गाळ नाही, मुद्दाम दहा वेळा पडावे. पडताना सूर मारू नये, कारण खाली खुंट असू शकतो. पाठीवर किंवा कुशीवर, हात पसरून, उथळ पडावे. वर चढताना बोर्डाच्या मध्यभागी असलेला कडीसारखा हातधरू पकडावा, दोन्ही पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारावेत आणि पोटावर सरकत बोर्डावर यावे. हातांच्या जोरावर वर उचलण्याचा प्रयत्न केला, तर बोर्ड अंगावर उलटतो. ओल्या कपड्यांत, दमलेल्या अवस्थेत, सहाव्या-सातव्या वेळी हे जमते का ते पाहावे, कारण खरी वेळ तशीच येते.

त्यानंतर उभ्यावरून खाली बसण्याचा सराव करावा. एक गुडघा, मग दुसरा, मग बैठक, आणि पाय दोन्ही बाजूंनी पाण्यात. हातात वल्ह्याऐवजी काठी धरून, नजर समोर ठेवून, तीन सेकंदांत हे घडले पाहिजे.

वारा आणि आभाळ

वारा ताशी १५ किलोमीटरच्या पुढे जाणार असेल, तर नवख्याने पाण्यावर जाऊ नये. पाण्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसू लागला, की परतण्याची वेळ झाली असे समजावे. जाताना वाऱ्याकडे तोंड करून जावे आणि येताना पाठीवर घ्यावा, म्हणजे दमलेल्या हातांना काम कमी पडते. काठावरून आत वाहणारा वारा सर्वांत फसवा असतो. काठाजवळ पाणी आरशासारखे आणि तीनशे मीटर आत लाटा, अशी स्थिती तो निर्माण करतो. आपल्याकडे मार्च ते मे या महिन्यांत सकाळी साडेनऊ-दहापर्यंत परत यावे, हे उन्हासाठीही योग्य आणि वाऱ्यासाठीही.

वळवाच्या दिवसांत नजर आभाळावर असावी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागावे, तितके किलोमीटर वीज दूर आहे. हा काळ ३० सेकंदांहून कमी असेल, तर पाणी सोडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हा उतरू नये. कार्बनचा रॉड विजेचा वाहक आहे, तो आडवा ठेवून वल्हवावे. काठावर आल्यावर एकट्या झाडाखाली थांबू नये.

पाण्यात जाण्यापूर्वी काठावरच्या दोन ठळक खुणा, उदाहरणार्थ देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी, मनाशी ठरवाव्यात. मासा ओढत असताना किती दूर आलो याचे भान राहत नाही, या खुणा ते देतात.

मासा लागल्यानंतर

गळ बसल्याची खात्री होताच रॉड एका हातात उभा धरून तीन सेकंदांत खाली बसावे. वल्हे पुढच्या लवचिक दोरीखाली सरकवावे किंवा पाण्यात सोडावे, ते दोरीने बांधलेले आहेच. नांगर टाकलेला असेल, तर तो या क्षणी सोडून द्यावा. त्यासाठी नांगराच्या दोरीला आधीच एक मोठा फ्लोट बांधलेला असावा आणि गाठ एका ओढीत सुटणारी असावी. दोरी नेहमी बोर्डाच्या नाकाला किंवा शेपटीला बांधावी, कुशीला बांधलेली दोरी बोर्ड उलटवते. मासा एका बाजूला ओढतो आणि नांगर दुसऱ्या बाजूला, अशा खेचाखेचीत माणूस मध्ये सापडला तर तोल राहत नाही.

आता रॉडचे टोक बोर्डाच्या नाकाकडे न्यावे. तंगूस नाकाच्या सरळ रेषेत आला, की मासा बोर्डाला लांबीच्या दिशेने ओढतो आणि त्या दिशेने बोर्ड उलटणे जवळजवळ अशक्य असते. मासा डावीकडे वळला, तर टोकही डावीकडे न्यावे आणि बोर्डाला वळू द्यावे. पाठीमागे गेला, तर कमरेतून वळून त्याच्याशी झुंजू नये. पाय पाण्यात हलवून बोर्ड फिरवावा किंवा बसल्या जागेवरच उलट दिशेने फिरून बसावे. मासा बोर्डाखाली शिरला, तर रॉडचे टोक हातभर पाण्यात बुडवून नाकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणावे. रॉड डोक्यावर उभा ताणू नये, तो तिथे तुटतो.

या सगळ्या काळात तंगूस हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळू नये. विणलेला दोरा ताणाखाली मांस कापतो. पाय मोकळे आहेत का आणि बोर्डावर दोऱ्याचे सैल वेढे पडले आहेत का, हे अधूनमधून पाहावे. मासा दमतो तेव्हा बोर्ड थांबतो. तेव्हा रॉड सावकाश वर घ्यावा आणि खाली आणताना रीळ फिरवावे.

मासा सोडून देण्याची वेळ कोणती, हे पाण्यात जाण्यापूर्वी ठरवलेले असावे. तो खुंटांच्या दिशेने, जाळ्यांच्या दिशेने किंवा धरणाच्या भिंतीच्या दिशेने बोर्ड ओढत असेल, वाऱ्याचा जोर वाढला असेल, किंवा काठावरची खूण ठरवल्यापेक्षा लहान दिसू लागली असेल, तर तोंड बाजूला करून चाकूने तंगूस शक्य तितक्या गळाकडच्या बाजूला कापावा. एखाद्या माशापायी दोनशे मीटरचे जाळे फाटले, तर एखाद्या घराचा दिवसभराचा रोजगार जातो, हेही लक्षात असावे.

मासा जवळ आल्यावर

सर्वाधिक अपघात येथे होतात. पृष्ठभागावर पाठ दिसली, की हात आपोआप पुढे जातो. तो आवरावा. बोर्ड पाहिल्यावर मोठा मासा हमखास एकदा शेवटची धाव घेतो. मासा पाच-सहा मीटरवर आला, की ड्रॅग निम्म्यावर आणावा. तो आडवा होऊन, तोंड पाण्याबाहेर ठेवून तरंगू लागेपर्यंत थांबावे. त्यानंतर लांब दांड्याची जाळी पाण्यात आधी बुडवून, माशाला डोक्याकडून तिच्यावर ओढावे, जाळी माशाच्या मागे नेऊ नये. स्वतःचे डोके कायम बोर्डाच्या मध्यरेषेवर राहील, हा नियम पाळला, तर कुशीवर वाकूनही माणूस पडत नाही. डोके रेषेबाहेर गेले, की मागोमाग धड जाते.

पाच किलोच्या वरचा मासा मी बोर्डावर घेत नाही. जाळीतच, पाण्यात, बोर्डाच्या कडेला ठेवून सावकाश मुरमाड काठाकडे जातो आणि गुडघाभर पाण्यात उतरून गळ काढतो. काळ्या मातीच्या काठावर उतरण्याचा मोह टाळावा. पाणी ओसरत असताना वरून वाळलेला दिसणारा गाळ आत मांडीपर्यंत मऊ असतो. पाय रुतलाच, तर उभे राहून उपसू नये, बोर्डावर पोट टेकून वजन पसरवावे आणि पाय हळूहळू सोडवावा.

कटला आणि रोहू यांच्या ओठांत दात नसतात, त्यांना ओल्या हाताने धरता येते. शिवडा आणि मरळ यांच्या तोंडात बोट घालू नये, पकडीचाच वापर करावा. शिंगट्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे टणक काटे असतात, ते आधी पाहून मग हात लावावा. शिंगी माशाचा काटा विषारी असतो. लागल्यास जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, पण डॉक्टरांना दाखवावेच. गळ अढीसकट मांसात रुतला, तर तो उपटू नये, तंगूस कापून, गळ हलणार नाही असा बांधून रुग्णालय गाठावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य संकटासाठी ११२ हे क्रमांक बोटावर असावेत.

मासा सोडायचा असेल, तर त्याला पाण्याबाहेर आपला श्वास रोखता येईल तितकाच वेळ ठेवावा. शेपटीचा देठ धरून, पोटाखाली हात देऊन, त्याला पाण्यात पोट खाली ठेवून, पोहताना असतो तसे धरावे. तो स्वतःहून हिसका देऊन गेला म्हणजे सावरला. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला कटला सावरायला वेळ घेतो, तेव्हा घाई करू नये.

परत आल्यावर बोर्ड सावलीत नेऊन थोडी हवा सोडावी, शेपटीच्या पात्यात अडकलेला दोरा काढावा आणि कापलेल्या तंगुसाचे तुकडे खिशात घालून घरी आणावेत, कारण पाणकावळा त्यात सहज अडकतो. त्याआधी एक काम: निघताना ज्याला जागा आणि परतण्याची वेळ सांगितली होती, त्याला ओल्या हातानेच फोन करून काठावर आल्याचे कळवावे.